कापड कुणी टाकलं

कादंबरीच्या सुरुवातीला एक ओळ छापलेली असते. सर्व पात्रे आणि प्रसंग काल्पनिक आहेत, साधर्म्य आढळल्यास तो निव्वळ योगायोग समजावा. वाचनालयात काम करते म्हणून ही ओळ मी हजारदा तरी पाहिली असेल, पण एकदाही वाचली नव्हती. आता वाचते आणि तळपायाची आग मस्तकाला जाते. म्हणून आधीच सांगून टाकते. या लिखाणात कुणाचंही नाव नाही, पण काल्पनिक काही नाही. नाव नको ही अट माझी नव्हे. ज्या मुलीमुळे हे लिहायला बसले तिची ती अट आहे, आणि मी ती पाळते आहे.

माझं सासर साजगावचं. नवरा तिथल्याच एका कारखान्यात आहे आणि मी जवळच्या एका लहानशा वाचनालयात ग्रंथपाल. आमचे वाचक म्हणजे पाळी संपवून घरी जाताना थांबणारे कामगार, दुपारी भांडी आवरून येणाऱ्या बायका आणि लोधिवलीहून बस पकडून येणारे एक निवृत्त मास्तर. या सगळ्यांना एकत्र बांधणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे मुंबईतल्या एका श्रीमंत पोलीस अधिकाऱ्याची कादंबरीमाला. अकरा पुस्तकं आली होती तोवर. नायकाला आमच्याकडे सगळे शेठ म्हणत. पुस्तक परत करतानाच विचारायचे, ताई, शेठचं नवीन आलं का.

शेठच्या आजोबांच्या गिरण्या होत्या. गिरण्या गेल्या, जमिनी राहिल्या. त्यामुळे शेठला नोकरीची गरज नाही, हौस म्हणून तो पोलिसात आहे. न्हाणीघराच्या खिडकीतून त्याला समुद्र दिसतो. सरकारी जीपमध्ये तो बसत नाही, स्वतःच्या परदेशी गाडीने घटनास्थळी जातो. खबऱ्यांना खिशातून देतो. अकरा पुस्तकांत त्याने रजेचा अर्ज लिहिलेला नाही की तो वरिष्ठासमोर ताटकळत उभा राहिलेला नाही. माझा नवरा म्हणायचा, ह्याचा पगार कुठे जातो ते एकदा लेखकाला विचार. मी हसायचे आणि पुन्हा वाचायला लागायचे. खोटं कशाला बोलू, मला शेठ फार आवडायचा. दुसऱ्याचं दुःख त्याला समजतं असं मला वाटायचं.

प्रत्येक पुस्तकात एक प्रसंग ठरलेला. शेठ गाडीतून उतरतो, चालत येतो, हवालदार प्रेतावरची चादर उचलतो आणि शेठला एका नजरेत तीन गोष्टी दिसतात ज्या बाकी कुणाला दिसत नाहीत. ती चादर कुणी टाकली, टाकणारा किती तास तिथे उन्हात बसला होता, हे अकरा पुस्तकांत कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. माझा तर बाप ती टाकणारा होता.

कळंबच्या अलीकडे, नदीकाठी माझं माहेर. बाबा तिथे अनेक वर्षं पोलीस पाटील होते. गावात कुणी बुडालं, झाडावरून पडलं, कुणी जीव दिला, की ठाण्यात खबर द्यायची आणि पोलीस येऊन पंचनामा होईपर्यंत प्रेताजवळ बसायचं. कुत्रं येऊ द्यायचं नाही, माणूस येऊ द्यायचा नाही. पोलिसांच्या दृष्टीने हे काम चार ओळींचं. आमच्या घरात मात्र त्यावरून बरंच काही घडलं होतं.

कारण माझ्या आजोबांच्या तरुणपणी हेच काम आमच्या माथी गावाने मारलेलं होतं. मेलेलं ढोर ओढायचं, परगावी मौतीचा सांगावा न्यायचा, बेवारस मढं असलं तर काठी घेऊन त्याच्याजवळ उभं राहायचं. उभंच. बसायचं नाही. छप्पन साली आजोबांनी धम्म घेतला आणि काठी टाकली. पुढे बाबांनी पोलीस पाटलाच्या जागेसाठी अर्ज केला तेव्हा आजोबा कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मग एकदा म्हणाले, जे आमी टाकलं ते तू परत उचललंस. बाबांनी प्रांतांच्या सहीचा कागद त्यांच्यासमोर धरला आणि सांगितलं, तवा हुकूम व्हता, आता नेमणूक हाय.

पहिल्याच प्रेताला बाबा घरातली खुर्ची डोक्यावर घेऊन गेले. लोक हसले. म्हणे, पाटील मढ्याला बघायला चाललेत का नाटकाला. बाबांनी खुर्ची रोवली आणि तिच्यावर ताठ बसले, संध्याकाळपर्यंत. तेव्हापासून ती रीतच पडली. लाकडी मोडली मग प्लॅस्टिकची आली, पण बाबा खुर्चीशिवाय गेले नाहीत.

दुसरी गोष्ट कापडाची. आई मांजरपाट आणायची, हातभर तुकडे करून कडा शिवून ठेवायची. आई गेल्यावर मी शिवायला लागले. प्रेताजवळ गेलं की बाबा आधी त्यातला एक तुकडा त्याच्या चेहऱ्यावर टाकत. खरं तर ही चूकच. पंचनाम्याआधी कशाला हात लावायचा नसतो, हे त्यांना एका साहेबाने चारचौघांत खडसावून सांगितलं होतं. बाबा ऐकून घ्यायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा टाकायचे. फक्त तेव्हापासून त्यांच्या जबाबातलं पहिलं वाक्य ठरून गेलं. चेहऱ्यावरचं कापड माझं आहे, ते मी टाकलं आहे. साहेब बदलत गेले, हे वाक्य राहिलं. मोबाइल आल्यावर तर मला त्यांचं पटलंच. माणूस नदीतून बाहेर काढला की निम्मं गाव फोन वर धरून उभं असतं. बाबा म्हणायचे, मेलेल्याला तोंड फिरवता येत नाय, मंग आपण झाकावं.

या बाबांकडे मी लेखकाला घेऊन गेले. दुसरं कुणी नाही, मीच. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी.

लेखक आमच्या वाचनालयात व्याख्यानाला आले होते. उतारवयाचे, बोलायला गोड. कळंबजवळ बंगल्यांची एक योजना आहे, तिथे त्यांनी नुकताच बंगला घेतला होता आणि शनिवार-रविवारी ते तिथे लिहायला येत. माझं माहेर तिथून जवळ, हे ऐकून मला काय आभाळ ठेंगणं झालं. मी म्हटलं, सर, माझे बाबा पोलीस पाटील होते, त्यांना भेटाच. पुढच्याच रविवारी मी त्यांना ओसरीवर बसवलं.

बाबांनी दोन तास सांगितलं. आजोबांची काठी सांगितली, खुर्ची सांगितली. मी आतून मांजरपाटाचा तुकडा आणून दाखवला. लेखकांनी तो बोटांमध्ये चोळून पाहिला, वहीत काहीतरी लिहिलं. मग मला राहवलं नाही. पाहुण्याला आणखी काही चांगलं द्यावं, तसं मी म्हणाले, बाबा, ते एका फुलाचं सांगा ना.

ती गोष्ट आठ-नऊ वर्षांपूर्वीची. पलीकडच्या कातकरी वाडीतली एक बाई लाकडाची मोळी घेऊन फरशी पुलावरून नदी ओलांडताना पाय घसरून वाहून गेली. सकाळी बंधाऱ्यापाशी सापडली. त्या दिवशी पोलीस हायवेवरच्या मोठ्या अपघातात अडकलेले, त्यामुळे बाबा आठ वाजल्यापासून चारपर्यंत तिच्याजवळ बसून होते. तिच्या उजव्या कानात चांदीचं फूल होतं आणि डावा कान रिकामा. बाबांनी खबरीत तसं लिहून दिलं होतं. एवढंच मला माहीत होतं आणि एवढंच मी लेखकांना सांगितलं. बाबांच्या कपाळावर आठी आली. ते म्हणाले, हां, एकच व्हतं, आणि विषय बदलून त्यांनी लेखकांना विचारलं, चा आणखी घेणार का. लेखक जाताना म्हणाले, पाटील, तुमच्यासारखी माणसं पुस्तकात यायला हवीत. बाबा लाजले. मी तर दोन दिवस जमिनीवर नव्हते.

वर्षभरात बारावं पुस्तक आलं. मी दोन प्रती मागवल्या, नियम मोडून एक आधी घरी नेली.

यावेळी शेठ कर्जतच्या बाजूला आपल्या फार्महाउसवर सुट्टीला आलेला. गावाचं नाव बदललं होतं, पण फरशी तीच, बंधारा तोच, काठावरचं उंबराचं झाड तेच. बंधाऱ्याशी एका आदिवासी बाईचं प्रेत सापडतं. शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत गावचा पोलीस पाटील घोरत पडलेला. प्रेताच्या चेहऱ्यावर त्याचं फडकं, दारूचा वास येणारं. शेठ ते फडकं सोन्याच्या पेनाच्या टोकाने उचलतो. एका कानात फूल, दुसरा कान रिकामा. शेठ मंद हसतो आणि म्हणतो, पाटील, मेलेल्याचा चेहरा माणूस दोनच कारणांनी झाकतो, एक तर प्रेम किंवा लाज. पाटलाचे हात थरथरतात. दुसरं फूल त्याच्या कनवटीला सापडतं.

बरं, पाटील खुनी नाहीच. खुनी पुढे एक बिल्डर निघतो. पाटील फक्त वाचकाला थोडा वेळ चकवायला घातलेला. चार पानांत माझ्या बापाची विल्हेवाट लावली आणि कथा पुढे गेली. त्यातही शेठचा मोठेपणा असा की तो पाटलाला अटक करत नाही. त्याच्याकडे तुच्छतेने बघतो, सोडून देतो, आणि त्या बाईच्या घरी सोन्याची फुलं पाठवतो. फुकटची दया दाखवायला आधी चोर लागतो, म्हणून त्यांनी आमच्या घरातून चोर नेला होता.

मी आयुष्यभर पुस्तकात रेघ मारणाऱ्यांना झापत आले. त्या संध्याकाळी मी पेन्सिल घेतली आणि काल्पनिक या शब्दाखाली इतक्या जोरात रेघ ओढली की पान फाटलं. दोन्ही प्रती खणात कुलूपबंद केल्या. लोधिवलीचे मास्तर तीनदा विचारून गेले. मी सांगितलं, बांधणीला दिलंय.

पण पुस्तक कुलपात ठेवून काय होतं. हल्ली पुस्तक ऐकताही येतं. कळंबच्या रस्त्यावरचे रिक्षावाले फोनवर लावून ठेवतात, एक भारदस्त आवाजाचा माणूस वाचून दाखवतो. आमच्या गावापर्यंत ते चार पानांचं प्रकरण आठवडाभरात पोचलं. चहाच्या टपरीवर टपरीवाल्यानेच ते मोठ्याने लावलं. बाबा बाकड्यावर बसलेले. खुर्ची आली, कापड आलं, फूल आलं. संपल्यावर कुणीतरी म्हणालं, पाटील, कनवटी बघू जरा. सगळे हसले. गंमतच होती म्हणे. बाबा चहा अर्धा टाकून उठले, तेव्हा मागून एकाने पुस्ती जोडली, खाई त्याला खवखवे.

एवढ्या वर्षांत बाबांनी पाहिलेली प्रेतं याच गावची होती. कुणाचा भाऊ, कुणाची सून. त्या प्रत्येक घरात आता एक प्रश्न गेला असणार, आमच्या माणसाच्या अंगावरचं सगळं मिळालं होतं ना? तोंडावर कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, उत्तर तरी देता आलं असतं. बाबांनी टपरीवर जाणं सोडलं.

मी रविवारची वाट न बघता शनिवारीच कर्जतला उतरून तडक लेखकांच्या बंगल्यावर गेले. ते ओळखून हसले, बसा म्हणाले, कॉफी विचारली. मी उभीच राहिले. सांगितलं, गावात काय चाललंय ते. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं, हे मला मान्य करायला हवं. मग ते समजावू लागले. पुस्तकातला पाटील म्हणजे माझे वडील नाहीतच. माझे वडील त्यांना अतिशय आवडले होते. कादंबरीला तपशील लागतो, तो कुठून तरी घ्यावाच लागतो.

"तपशील आमचा घेतलात," मी म्हणाले, "मग चोरी तुमच्या शेठच्या नावावर का नाही लावली?"

"अहो ताई, तो नायक आहे."

हे ते अगदी सहज म्हणाले. त्यांच्या डोक्यात तो विचार कधी आलाच नव्हता. गिरणीमालकाचा नातू प्रेताच्या कानातलं काढेल, हे वाचकाला खोटं वाटलं असतं. आमच्यातल्या पाटलाने काढलं हे लगेच खरं वाटलं. त्यासाठी त्यांना काही रचावंही लागलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण म्हणतो. इथे तर चोरीच झाली नव्हती.

मग लेखकांनी मला विचारलं, आणि तो प्रश्न मी विसरत नाही. ते म्हणाले, पण त्या दुसऱ्या फुलाचं काय झालं होतं हो? तुम्ही सांगितलं नाहीत. कादंबरीत असं अर्धवट सोडून चालत नाही, वाचक विचारतो. मला काहीतरी उत्तर द्यावं लागलं.

मला ते ठाऊकच नव्हतं. आठ वर्षं मी ती गोष्ट एक रहस्य म्हणून चघळली होती, आणि बाबांना एकदाही विचारलं नव्हतं. निघताना लेखक फाटकापर्यंत आले. म्हणाले, तुमची भावना मी समजतो, पुढच्या आवृत्तीत पोलीस पाटलाऐवजी सरपंच करून टाकतो.

मी तशीच माहेरी गेले. बाबा मागच्या दारी भाजीला पाणी घालत होते. मी विचारलं, दुसऱ्या फुलाचं काय झालं होतं? त्यांनी नळ बंद केला, हात पुसले.

"ती एकच जोडी व्हती त्यांच्याकडं," ते म्हणाले. "एक आयच्या कानात, एक पोरीच्या. पोर रडत आली ना बंधाऱ्यावर, तवा तिच्या कानात बघितलं मी. साएबांच्या कानावर घातलं. ते बी बोलले, मंग ठीक हाय."

ती पोर तेव्हा बारा वर्षांची असेल. माझा आवाज चढला. एवढं सरळ उत्तर होतं, तर त्या दिवशी लेखकांना का सांगितलं नाही? एका वाक्यात सगळं मिटलं असतं. बाबांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं लहानपणीही कधी पाहिलं नसेल.

"मायलेकींनी एक जोडी वाटून घातलेली. ती पावन्याला चा पाजताना सांगायची गोष्ट हाय का?"

मी म्हटलं, तेव्हा नाही तर आता सांगू. टपरीवर जाते, वाडीत जाते, मुलीलाच बोलावते. ती आता मोठी झाली होती, कळंबच्या एका रिसॉर्टमध्ये खोल्या आवरायचं काम करायची. तिने चार लोकांना फूल दाखवलं की झालं. बाबा म्हणाले, माझं तोंड धुवायला त्या पोरीचा कान कुणाला दाखवू नको. त्यांनी मला तसं वचनच द्यायला लावलं. मग खाली बघत म्हणाले, तिनं ऐकलं असंल ते फोनवरचं. तिला वाटंल, पाटलानं माझ्या घरातलं बाहेर काढलं.

म्हणजे गाव चोर म्हणतंय याचं त्यांना जेवढं लागलं होतं, त्याहून जास्त हे लागलं होतं. आणि ते बाहेर काढणारी मी होते. मला तिथे रडूही आलं नाही, इतका स्वतःचा राग आला.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी, वैशाखात, एका रिसॉर्टच्या बांधकामावरचा परप्रांतातला गवंडी भर दुपारी रस्त्याकडेला कोसळला आणि गेला. ऊन लागलं असावं. गावात आता नवा पोलीस पाटील आहे, तरुण आहे, भला आहे, पण त्याचं हे पहिलंच प्रेत. त्याने खबर दिली आणि बाबांना फोन केला, काका, जरा येऊन बसता का. रविवार होता, मी माहेरीच होते. बाबांनी सवयीने खुर्ची उचलली. मी कपाटातून कापड काढून त्यांच्या हातात दिलं. आम्ही चालत गेलो.

तो माणूस उताणा पडला होता. तिशीतला असेल. तोंडावर सिमेंटची धूळ, डोळे अर्धे उघडे, ऊन थेट चेहऱ्यावर. त्याचं कुणी नव्हतं तिथे. ठेकेदार फोनवर बोलत लांब उभा होता. टपरीवाला आला होता, रिक्षावाले आले होते, आणि फोन वर झालेच होते. बाबांनी खुर्ची ठेवली, बसले. कापड मांडीवर घेतलं. घडी उलगडली, पुन्हा घातली.

मी हळूच म्हटलं, "बाबा, कापड."

"साएब यू दे," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत ज्याला साहेबांची बोलणी थांबवू शकली नव्हती, तो हात चार पानांनी थांबवला होता. बाबा त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. समोरच्या लोकांकडेही नाही. मांडीवरच्या घडीकडे बघत होते. माशा बसायला लागल्या. मला वाटलं आपण पुढे व्हावं, कापड घ्यावं आणि टाकावं. मी हलले नाही. कोण बघतंय, काय म्हणेल, हेच माझ्याही मनात चाललं होतं. लेखकांवर इतकं तोंडसुख घेणारी मी, तिथे दगडासारखी उभी राहिले.

रिसॉर्टच्या बाजूने तिघीचौघी मुली आल्या, जेवणाच्या सुट्टीतल्या, अंगात कामाचा गणवेश. त्यातली एक पुढे आली. मी तिला ओळखलं नाही. बाबांनी ओळखलं आणि ते खुर्चीत आक्रसले. ती त्यांच्यासमोर थांबली, आधी त्या माणसाकडे बघितलं, मग कापडाच्या घडीकडे. तिने बाबांच्या मांडीवरचं कापड उचललं, उलगडलं, वाकून त्याच्या चेहऱ्यावर अलगद टाकलं. वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही कडांवर खडे ठेवले. ते खडे ठेवणं बाबांचंच होतं. तिने ते बंधाऱ्यावर पाहिलं असणार.

जीप आली. हवालदार उतरले, कागद काढला, आणि सगळ्यात आधी तेच विचारलं जे दरवेळी विचारतात, कापड कुणी टाकलं. बाबांनी तोंड उघडलं.

"मी टाकलं," ती मुलगी म्हणाली. "लिवा."

हवालदारांनी मान वर केली. हात का लावलास, म्हणाले. ती म्हणाली, माज्या आयच्या तोंडावर पाटीलबाबांनी असंच टाकलं व्हतं, तवा कुणी नाय अडवलं. मग तिने केस कानामागे सारले. सारायची काही गरज नव्हती, केस घट्ट बांधलेले होते. डाव्या कानात चांदीचं जुनं फूल होतं, काळपट पडलेलं. उजवा कान रिकामा होता. टपरीवाल्याने ते पाहिलं. कनवटी बघू म्हणणाराही तिथेच होता, त्यानेही पाहिलं. फोन हळूहळू खाली आले. बाबांची माफी मात्र आजतागायत कुणी मागितलेली नाही.

हवालदारांनी नाव विचारलं. तिने स्वतःचं सांगितलं, वाडीचं सांगितलं, आणि न विचारता आईचंही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

मग बाबा उठले. उठताना गुडघे धरले, कारण इतका वेळ ते बसूनच होते. त्यांनी खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, तिच्या मागे नेऊन ठेवली आणि म्हणाले, "बस गं. पंचनामा व्हईपर्यंत बसावं लागतं."

ती खुर्चीकडे बघत राहिली. गावातल्या इतक्या माणसांसमोर तिला कुणी खुर्ची दिली नसावी. मैत्रिणींनी हाक मारली, सुट्टी संपली होती. तिने त्यांना हाताने जा म्हटलं आणि ती बसली, ताठ. बाबा तिच्या शेजारी उभे राहिले, शेवटपर्यंत.